डॉक्टरांची एचपीआर नोंद: बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या शहापुरात माझ्या काकांचा दवाखाना आहे. ते पेशंट तपासायचे, मी कॉम्प्युटर बघतो. त्यांची एचपीआरची नोंद मी करून दिली हे गल्लीत कळलं आणि तेव्हापासून टिळकवाडीपासून नंदगडपर्यंतच्या डॉक्टरांचे, त्यांच्या सुनांचे, कंपाउंडरांचे फोन येतात. प्रश्न तेच तेच असतात. दर वेळी फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

एचपीआर म्हणजे नेमकं काय ओ?

हेल्थकेअर प्रोफेशनल्स रजिस्ट्री. म्हणजे डॉक्टर, नर्स वगैरे मंडळींची देशभराची एक डिजिटल वही. आयुष्मान भारत डिजिटल मिशन, ज्याला सगळे एबीडीएम म्हणतात, त्याचा हा एक भाग. १५ ऑगस्ट २०२० रोजी सहा केंद्रशासित प्रदेशांत ते प्रायोगिक सुरू झालं आणि २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर. चालवते ती दिल्लीची नॅशनल हेल्थ अथॉरिटी.

वह्या तीन आहेत. पेशंटची आभा (आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट), डॉक्टरांची एचपीआर आणि दवाखान्यांची एचएफआर (हेल्थ फॅसिलिटी रजिस्ट्री). कुणाचे कागद, कुठल्या दवाखान्यात आहेत आणि कोण मागतंय, या तीन प्रश्नांची उत्तरं या तीन वह्यांत मिळतात. मग कागद इकडून तिकडे न्यायची यंत्रणा वेगळी. लोक सगळ्यालाच ‘आभा काढणं’ म्हणतात आणि तिथून गोंधळाला सुरुवात होते. आभा क्रमांक १४ आकडी आणि एचपीआरचा क्रमांकही १४ आकडी, त्यात भर. डॉक्टरही कधीतरी पेशंट असतातच, तेव्हा त्यांच्याकडे दोन्ही असू शकतात. दोन कागदांवर दोन रंगांच्या पेनांनी लिहून ठेवा.

सक्ती आहे का? पैसे पडतात?

सक्ती नाही, पैसेही नाहीत. कुणी ‘फी भरा’ म्हणालं तर ती त्याची स्वतःची फी आहे.

फक्त एमबीबीएसवाल्यांसाठी का?

नाही. आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी, सिद्ध, दातांचे डॉक्टर, नर्स, सगळ्यांना वाट आहे. आपल्याकडच्या खेड्यांतला निम्मा भार बीएएमएसवाले उचलतात, त्यांनी तर आधी करावी असं माझं मत. फक्त अर्जात आपला प्रकार नीट निवडा. ‘मॉडर्न मेडिसिन’ आधी दिसतं म्हणून तेच दाबलं, तर पुढे तुमचं कौन्सिल, म्हणजे डॉक्टरांची नोंदणी करणारी संस्था, यादीत सापडणारच नाही.

नोंद झाली की मला एक पत्ता मिळाला, शेवटी ‘ॲट एचपीआर डॉट एबीडीएम’ असा. त्यावर रिपोर्ट पाठवायला लॅबला सांगितलं, तर मेल परत आला. असं का?

कारण तो ईमेल नाहीच. दिसतो ईमेलसारखा, हाच त्याचा दोष. ती तुमची ओळख आहे, टपालपेटी नव्हे. दारावरची पाटी म्हणा. पाटीवर पत्र चिकटवून ते घरात पोचत नाही.

रिपोर्ट येतो तो तुमच्या दवाखान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये. ते सॉफ्टवेअर एबीडीएमशी जोडलेलं असावं लागतं आणि दवाखान्याची एचएफआरमध्ये नोंद असावी लागते. ती झाली की ‘आयएन’ने सुरू होणारा आणि पुढे दहा आकडे असलेला क्रमांक मिळतो. म्हणजे ‘कोण’ हे एचपीआर सांगते, ‘कुठे’ हे एचएफआर सांगते आणि ‘कसं’ ते सॉफ्टवेअर. यातलं एकच करून थांबलेले डॉक्टर पुष्कळ आहेत. ‘नोंद केली पण काही येत नाही’ असं म्हणणारे बहुतेक तेच.

व्हॉट्सॅपवर सगळं चाललंय की. मग हा खटाटोप कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

व्हॉट्सॅपवरचा संदेश वाटेत कुणी वाचू शकत नाही, हे खरं आहे. अडचण वाटेत नाही, दोन्ही टोकांना आहे. मध्ये एकदा काकांच्या फोनची गॅलरी उघडली. नातवाच्या वाढदिवसाचा केक, त्याच्या पुढे कुण्या बाईंची सोनोग्राफी, मग कपिलेश्वराच्या देवळातला फोटो, मग कुणाचातरी एचआयव्हीचा रिपोर्ट, नावासकट. फोन टेबलावर पडलेला, शेजारी नातू गेम खेळायला टपलेला. रिपोर्ट पाठवणाऱ्या लॅबची चूक नव्हती, काकांचीही म्हणता येत नाही. पण त्या माणसाला कुणी विचारलं होतं का, तुझा कागद या फोनवर ठेवू का म्हणून?

दुसरं, नंबर डॉक्टरांचाच आहे हे लॅबला कसं कळणार? कार्डावर छापलाय म्हणून. नंबर बदलला, सिम दुसऱ्या कुणाला गेलं, तरी रिपोर्ट जातच राहतात.

एबीडीएमच्या वाटेत मागणारा दवाखाना नोंदलेला असतो, पेशंटची संमती नोंदलेली असते आणि ती किती दिवसांसाठी हेही ठरलेलं असतं. फरक आहे तो इथे.

संमती म्हणजे प्रत्यक्षात काय होतं?

समजा, खानापूरचा पेशंट मिरजेत ऑपरेशन करून आला आणि आता टाके बघायला तुमच्याकडे आलाय. एरवी तो कॅरीबॅग उपडी करतो. त्यात तीन एक्सरे, दोन वर्षांपूर्वीचा ईसीजी, मेडिकलची बिलं आणि लाइट बिलसुद्धा निघतं. डिस्चार्ज कार्ड मात्र घरी, कपाटात.

नव्या वाटेनं तुम्ही सॉफ्टवेअरमधून त्याच्या आभावर विनंती पाठवता. त्याच्या मोबाइलवरच्या ॲपमध्ये ती दिसते. कुठल्या काळातले कागद, कुठल्या प्रकारचे आणि किती दिवस बघू द्यायचे, हे तो ठरवतो. सगळे देईल, एकच देईल किंवा नाही म्हणेल. दिलेली संमती नंतर काढूनही घेता येते. हो म्हटलं की मिरजेचं हॉस्पिटल ते कागद कुलूपबंद करून पाठवतं आणि किल्ली फक्त मागणाऱ्याकडे असते. मधली यंत्रणा संमतीची नोंद ठेवते, कागद वाचत नाही. मूळ कागद मिरजेतच राहतात. दिल्लीत सगळ्यांच्या फायली साठवलेलं गोदाम वगैरे काही नाही. ही भीती मी बऱ्याच डॉक्टरांच्या तोंडून ऐकली, म्हणून स्पष्ट सांगतो.

अट एकच: मिरजेचं हॉस्पिटलही जोडलेलं हवं. नसेल तर कॅरीबॅग आहेच.

मिरज महाराष्ट्रात, आम्ही कर्नाटकात. चालतं का?

चालतं. यंत्रणा देशभराची एकच आहे. चंदगडच्या पेशंटनं तिकडे काढलेली आभा बेळगावात चालते, निपाणीकरानं इकडे काढलेली कोल्हापुरात. सीमेचा प्रश्न निदान इथे तरी सुटलेला आहे.

अर्जाला काय काय लागतं?

आधार, आधारला जोडलेला मोबाइल हातात, कौन्सिलचं नोंदणी प्रमाणपत्र आणि पदवी प्रमाणपत्र. शेवटच्या दोन्हींची स्कॅन. क्रम असा: आधारवरचा ओटीपी, मग तुमचा मोबाइल आणि ईमेल, मग वापरायचं नाव आणि पासवर्ड, मग शिक्षण, कौन्सिलची नोंद आणि शेवटी सध्या काम कुठे करता ते. अर्ज सादर झाला की तुमच्या कौन्सिलकडे पडताळणीला जातो. अर्ज सादर झाला म्हणजे पडताळणी झाली, असं नव्हे. अधूनमधून लॉगिन करून बघत राहा.

एक बारीक गोष्ट. जुन्या डॉक्टरांची प्रमाणपत्रं भिंतीवर, फ्रेममध्ये. काकांच्या प्रमाणपत्राचा फोटो आम्ही काचेवरूनच काढला आणि नोंदणी क्रमांकाच्या बरोबर वर ट्यूबलाइटची पांढरी रेघ आली. पडताळणीत ते परत आलं. मग स्टूल घेऊन फ्रेम उतरवली, मागचे खिळे काढले, चाळीस वर्षांची धूळ अंगावर घेतली आणि खडेबाजारात नेऊन स्कॅन केलं. तुम्ही पहिल्यांदाच खिळे काढा.

आधारवर एक नाव, प्रमाणपत्रावर दुसरं. काय करू?

आपल्या भागातलं खरं दुखणं हेच. कुणाचं शिक्षण कन्नड शाळेत झालं, तिथे वडिलांच्या आणि गावाच्या नावाची आद्याक्षरं पुढे लागली आणि आडनाव गेलं. कुणाचं मराठी शाळेत झालं, तिथे नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी सगळी वरात. आधार काढताना ऑपरेटरनं कन्नडवरून इंग्रजी केलं, त्यात ‘पाटील’चे दोन प्रकार, ‘ज्ञानेश्वर’चे तर चार.

अर्जात प्रमाणपत्रावरचं नाव आधारशी जुळतं का, असं विचारतात. जुळत नसेल तर ‘नाही’ सांगा आणि पुरावा जोडा. खोटं ‘हो’ म्हणू नका, पडताळणीत तिथेच अडकतं. स्पेलिंगची एखाददुसरी चूक असेल तर आधी आधार दुरुस्त करून घेणं सोपं. पदवी प्रमाणपत्र दुरुस्त करायला विद्यापीठात गेलात, तर बसच्या तिकिटांचाच हिशोब ठेवावा लागेल.

लग्नानंतर नाव बदललेल्या डॉक्टरीणबाईंनी विवाह नोंदणीचा दाखला किंवा गॅझेट हाताशी ठेवावं. लग्नपत्रिका चालत नाही. एकीनं जोडली होती, म्हणून लिहितोय.

माझी पदवी जेएनएमसीची, म्हणजे बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजची. विद्यापीठ कुठलं लिहू? आता तर ते केएलई विद्यापीठ आहे.

तुमच्या पदवीवर छापलेलं. कॉलेज १९६३चं. जुन्या लोकांची पदवी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाची, १९९६मध्ये बेंगळुरूचं राजीव गांधी विद्यापीठ आल्यावर पुढच्यांची त्याची, आणि २००६मध्ये केएलईला अभिमत दर्जा मिळाल्यानंतरच्यांची केएलईची. तीन पिढ्या एकाच वर्गात बसल्या तरी तीन विद्यापीठांच्या. मिरजेला शिकलेल्यांचंही तसंच: आधी कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, १९९८नंतर नाशिकचं आरोग्य विद्यापीठ.

माहेर निपाणी, सासर गडहिंग्लज. आधी कर्नाटक मेडिकल कौन्सिल, मग नाहरकत दाखला घेऊन महाराष्ट्राचं. कुठलं निवडू?

सध्या चालू असलेलं. म्हणजे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल आणि त्यांनी दिलेला क्रमांक. जुना क्रमांक टाकला तर कर्नाटकवाले ‘आमच्याकडून गेल्या’ म्हणतील. आणि नूतनीकरणाची तारीख उलटून गेली असेल तर आधी ते करा, मगच इकडे या. एचपीआर परवाना देत नाही, असलेल्या परवान्याची फक्त नोंद घेते. सीमेपलीकडे दुसरा दवाखाना काढायचा असेल, तर तो विषय कौन्सिलचा.

जिल्ह्याच्या यादीत बेळगाव सापडत नाही.

१ नोव्हेंबर २०१४पासून सरकारी नाव बेळगावी. इंग्रजीत बी, ई, एल एवढंच टाका आणि पुढचं यादीवर सोडा. यावर इथे वाद नको.

अर्ज मराठीत भरू का?

भरू नका. प्रमाणपत्रावर जे इंग्रजी स्पेलिंग आहे तेच, अक्षराला अक्षर. पडताळणारा ते दोन कागद शेजारी ठेवून बघणार आहे.

मोबाइल नंबर कुणाचा द्यायचा? डॉक्टर फोन उचलतच नाहीत.

डॉक्टरांचाच. इथे मी स्वतः हात भाजून घेतलेत.

काकांची नोंद करताना पेशंटची रांग होती. ओटीपी आला की काकांना उठवायला नको, म्हणून संपर्काचा नंबर आणि ईमेल मी आमच्या कंपाउंडरचा टाकला. पोरगा चांगला होता. सहा महिन्यांनी तो गोव्याला नोकरीला गेला, तिकडे नंबर बदलला आणि त्या ईमेलचा पासवर्ड त्यालाच आठवेना. पडताळणीत काही कागद परत मागितला होता, तो निरोप त्याच ईमेलवर पडून. आम्ही इकडे ‘कौन्सिलवाले काही करत नाहीत’ म्हणून बोटं मोडत बसलेलो. चूक धडधडीत माझी.

तेव्हा नंबर डॉक्टरांचा, ईमेल डॉक्टरांचा, पासवर्ड डॉक्टरांच्या डायरीत. भरायला मदत कुणाचीही घ्या. आणि नंबर किंवा दवाखान्याची जागा बदलली की त्याच आठवड्यात नोंद बदला. पाटी नवीन रंगवायला पेंटर बोलावता ना, त्याच दिवशी हेही उरका.

मग माझा खासगी नंबर साऱ्या जगाला दिसणार?

नाही. लोकांना काय दिसावं हे तुम्ही निवडता. तुमचा स्वतःचा नंबर लॉगिन आणि पडताळणीसाठी. लोकांना दाखवायला दवाखान्याचा लँडलाइन आणि दवाखान्याचा वेगळा ईमेल द्या. मध्यरात्री पोट दुखतंय म्हणून येणारे फोन एचपीआरमुळे येत नाहीत, ते तुमच्या जुन्या पेशंटांमुळेच येतात.

सॉफ्टवेअर विकणारा म्हणतो, ‘आमचं एबीडीएमवालं आहे’. खरं कसं ओळखू?

त्याला एकच विचारा: एम-१, एम-२, एम-३ यातले किती टप्पे झाले? पहिल्यात पेशंटची आभा काढणं आणि तपासणं, दुसऱ्यात तुमच्याकडचे कागद पेशंटच्या आभाला जोडून देणं, तिसऱ्यात संमती घेऊन दुसऱ्यांचे कागद मागवणं. बाहेरचे रिपोर्ट बघायचे असतील तर तिसरा हवाच. पहिल्यावरच थांबलेलं सॉफ्टवेअर दाखवून ‘सगळं होतं’ म्हणणारा एक जण आमच्याकडे चहा पिऊन गेलाय. तिसऱ्याचं विचारल्यावर त्याला एकदम पुढची अपॉइंटमेंट आठवली.

केपीएमईचं लायसन्स आहे. मग एचएफआर कशाला?

केपीएमई हा कर्नाटकाचा २००७चा खासगी दवाखान्यांचा कायदा. त्याखालची नोंदणी दवाखाना चालवायला. एचएफआर ही कागदांच्या देवाणघेवाणीसाठीची ओळख. एकानं दुसरं भागत नाही. मात्र केपीएमईवर दवाखान्याचं जे नाव आहे तेच इथे लिहा.

एनएमसीच्या रजिस्टरमध्येही नाव घालायला सांगतायत. ते हेच का?

नाही. ते नॅशनल मेडिकल रजिस्टर. नॅशनल मेडिकल कमिशनच्या २०१९च्या कायद्याप्रमाणे ठेवायचं, त्याचं पोर्टल ऑगस्ट २०२४मध्ये उघडलं. ते ॲलोपॅथीच्या डॉक्टरांसाठी. कागद साधारण तेच लागतात, म्हणून फ्रेमचे खिळे काढलेच आहेत तर दोन्ही एकदम करून टाका.

महात्मा फुले योजनेचा आणि याचा काही संबंध?

सीमाभागातल्या ८६५ गावांना आपली ही आरोग्य योजना लागू करायचं महाराष्ट्रानं २०२३मध्ये ठरवलं, तेव्हापासून हा प्रश्न येतो. संबंध नाही. ती उपचारांच्या खर्चाची गोष्ट, ही कागदांची. एचपीआरमध्ये नाव आहे म्हणून तुमचा दवाखाना कुठल्या योजनेत बसत नाही आणि नसलं म्हणून बाहेरही पडत नाही.

मुलगी अमेरिकेत डॉक्टर आहे. ती म्हणते, तिकडे हे कधीचंच झालं. खरं का?

तिकडचं थोडं वेगळं आहे. प्रत्येक डॉक्टरला १० आकडी एनपीआय क्रमांक असतो आणि त्याची नोंद एनपीपीईएस नावाच्या वहीत. २०१६च्या एका कायद्यानं ठरवलं, की या डॉक्टरांच्या डिजिटल संपर्कांची सूची असली पाहिजे. मग २०१८पासून त्या वहीतच तशी जागा केली. तिकडे ‘डायरेक्ट’ नावाचा पत्ता असतो, तो दिसतो ईमेलसारखाच, पण तपासलेल्या जाळ्यातूनच जातो आणि त्यावर रिपोर्ट खरोखर पोचतो. म्हणजे तुमच्या लॅबनं जे केलं ते अमेरिकेत चाललं असतं.

२०२०च्या नियमानं तिकडच्या सरकारनं आणखी एक केलं: ज्यांनी डिजिटल पत्ता भरला नाही त्यांची यादी लोकांसमोर ठेवायची. शिवाय नोंदीतली माहिती बदलली तर ३० दिवसांत कळवणं बंधनकारक. मला त्यातली यादी पटत नाही, पण ३० दिवस पटतात. आमचा कंपाउंडर गोव्याला गेला तेव्हा असा नियम डोक्यावर असता, तर बरं झालं असतं.

‘तुमचा एचपीआर बंद पडतोय, ओटीपी सांगा’ असा फोन आला.

ठेवून द्या. फोनवर ओटीपी कुणालाच सांगायचा नाही, मग पलीकडचा मराठीत बोलो, कन्नडमध्ये की हिंदीत. सांगून बसला असाल तर लगेच पासवर्ड बदला. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन लावा, तासाचाही उशीर नको.

मी सत्तरीचा. दवाखाना महिन्याभरात बंदच करतोय. आता काय नोंद करू?

नोंद केलेली नसेल तर राहू द्या, कुणी विचारणार नाही. केलेली असेल तर मात्र लॉगिन करून ‘सध्या काम करत नाही’ असं बदला आणि दवाखान्याचं नाव काढा. काकांचं मी याच दिवाळीनंतर केलं. दवाखाना आता चुलतबहीण बघते, तिच्या नावावर वेगळी नोंद आहे, नंबर तिचाच. ॲडमिट पेशंटचे कागद तीन वर्षं ठेवावेच लागतात, ते तिच्याकडे कपाटात आहेत. काकांचं प्रमाणपत्र परत फ्रेममध्ये घातलंय. या वेळी खिळे मारले नाहीत, मागून नुसती चिकटपट्टी लावलीय.